गप्पींचा श्रावण

मंगळ., ३ ऑगस्ट

आज आलं ते: मोठी काचेची पेटी १, रु. २२०. लहान पेट्या २, मिळून रु. ९० (मागितले ११०). गप्पी नर १०, रु. ५०. जाळी रु. १२. जिवंत लाल किडे वाटीभर रु. ५, हे आता आठवड्यातून दोनदा. माद्या १२, वृंदाच्या कॉलेजच्या मॅडमकडून, फुकट.

टेम्पो नको म्हटलं. हे आणि वृंदा मोठी पेटी दोन बाजूंनी धरून मंडईपासून कसब्यापर्यंत चालत आले. वाटेत बाप-लेक एक शब्द बोलले नसणार.

दहातले दोन नर मलूल वाटले म्हणून दुकानदाराला विचारलं, परत घ्याल का. म्हणाला, "काकू, मासे आहेत. साड्या नाहीत."

हे म्हणाले, "गप्पी? डासांसाठी गटारात सोडतात तेच ना? सांगितलं असतं तर बादली घेऊन गेलो असतो."

पेट्या गॅलरीत. तुळशीपासून लांब, हे मी आधीच सांगितलं होतं.

बुध., ४

कोचीचं पत्र वृंदाने देवापाशी ठेवलंय. तिथल्या माशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने पाच मुलांना बोलावलं आहे. तीन आठवडे राहून काम करायचं, शेवटी दोघांना ठेवून घेणार. पाच वर्षं, राहायला खोली, वर विद्यावेतन. जाताना स्वतः केलेला अभ्यास बरोबर न्यायचा. त्यासाठी हे मासे.

ह्यांचं म्हणणं वेगळं. कंपनीत नवं मशीन आलं, चौघांचं काम एकटं करतं, म्हणून ह्यांना निवृत्ती घ्यायला लावली. तेव्हापासून एकच धोशा, कॉम्प्युटर शीक. "दोन हजार साल लागलं की जगातले कॉम्प्युटर गोंधळणार. ते निस्तरायला माणसं लागणार. आणि आमची एम.एस्सी. माशांची लग्नं बघतेय."

शेवटी ठरलं ते असं. कोचीला घेतलं तर जाईल. नाही घेतलं तर दसऱ्यापासून कॉम्प्युटरचा क्लास, मग मिळेल ती नोकरी, आणि माशांचं नाव काढायचं नाही. वृंदा "चालेल" म्हणाली. मी म्हणते तसं म्हणाली. म्हणजे चालणार नाही.

शुक्र., ६

वृंदा कॉलेजात तात्पुरती डेमॉन्स्ट्रेटर, पाचला येते. इकडे तांबट आळीचे हातोडे सकाळपासून, मासे दचकून तळाशी बसतात. दुपारी अडीच ते चार तेवढे हातोडे थांबतात. म्हणजे काम माझ्याकडे. तिने शिकवलं ते लिहून ठेवते.

मोठ्या पेटीत एकच मादी. दोन टोकांना बाहेरून लहान पेट्या टेकवायच्या. एकीत अंगावर शेंदरी ठिपके असलेला नर, दुसरीत फिका, करडा. काचेवर दोन्हीकडून चार बोटांवर रेघ. मादी ज्याच्या रेघेच्या आत असेल तेवढा वेळ त्याच्या नावावर. दहा मिनिटं. मग नरांच्या जागा बदलून पुन्हा दहा. (एखादीला उजवीकडेच राहायची खोड असते, ती कळावी म्हणून.) रोज दोन माद्या. रविवारी सुट्टी.

खाणं दिवसातून एकदा, बाराला, चिमटीभर किडे. वहीत "खाणं" असा रकाना आहे, दिलं की खूण करायची.

"आई, तुझ्याइतकी चोख वही कोणी ठेवत नाही. म्हणून तुझ्यावर सोपवतेय."

जुनी अकरावी झाले, पण शास्त्र नव्हतं. आम्हा मुलींना गृहशास्त्र. आता पन्नाशीला आल्यावर हे.

रवि., ८

काल एकादशी. वृंदा घरी होती, किडे तिनेच घातले. मी तेवढा वेळ आत पोथी वाचत बसले.

नर काय करतो ते लिहायला हवं. मादी समोर आली की अंग वेलांटीसारखं वाकवतो, शेपूट पसरतो, आणि तसाच थरथरत राहतो, अंगात आल्यासारखा. दोन-चार सेकंदच. मग जरा पुढे येऊन पुन्हा. मध्ये काच आहे हे त्याला पटत नाही. मादी त्याच्या दुप्पट, अंगाला रंग नाही. बघते. पाठ फिरवते. तो वळसा घालून पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर. वृंदा म्हणते, नाचणं त्याचं, निवडणं तिचं. ती कशावरून निवडते, एवढाच प्रश्न. शेंदरी रंगावरून असावं असं मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय, पण आपल्याकडच्या गटारी-ओढ्यांत वाढलेल्या गप्पींचं कोणी पाहिलेलं नाही.

हसू आलं. मग आलं नाही. मला बघायला आले तेव्हा मी ह्यांचे फक्त पाय पाहिले होते. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता. त्यावरून माणूस काटकसरी असणार असं मनात धरलं. निघाला तसा. दुसरं काही पाहण्याची सोय नव्हती.

बुध., ११

पाच दिवस झाले. शें. आणि क., जवळपास सारखेच. आज एका मादीने वीसपैकी अकरा मिनिटं मध्येच काढली, कोणाकडेच नाही.

वृंदा वही उघडते, मिटते. "काहीच दिसत नाहीये गं."

"अजून दिवस आहेत."

"नाही दिसलं तर मी तिथे काय सांगू? मासे होते, पोहत होते?"

हे आतून: "आम्हाला पहिल्या दिवसापासून काही दिसलं नव्हतं."

वृंदा जेवली नाही. नेऊन दिलं तरी.

गुरु., १२

श्रावण लागला. दरवर्षीप्रमाणे सोमवार आणि शनिवार धरायचे. यंदाचे वृंदासाठी, तसं देवाला सांगितलंय.

किड्यांचं काय करू ते कळत नाही. न्हाणीत नळाखाली वाटी, थेंब थेंब पाणी, आणि त्यात ते लाल केसांच्या गुंत्यासारखे वळवळतात. चमचा वेगळा ठेवलाय, तरी हात धुऊन धुऊन कातडी पांढरी पडली. एरवी मनाला समजावते की मीही डाळीतले किडे टिपतेच. पण उपासाच्या दिवशी माझ्या हाताने जीव मारायचा आणि मग महादेवापुढे उभं राहायचं? आईने आम्हाला श्रावणात मुंगीवर पाय पडू दिला नाही.

वृंदाला सांगितलं तर म्हणेल, मग मी कॉलेज सोडून येते. कॉलेजचे पैसे दिवसावर आहेत.

शनि., १४

आज किडे घातले नाहीत.

सुक्या दाण्यांचा डबा बघितला, दुकानदाराने नमुना दिला होता. वर 'फिश मील' लिहिलंय. माशाला मासेच. तेही नको.

उपासाची भगर भाजली होती, त्यातली चिमूट टाकली. तोंडात घेतात, बाहेर टाकतात, पुन्हा घेतात. काही पोटात गेली असेल. रकान्यात खूण केली. खाणं दिलं तर होतंच.

तीनच्या फेरीत दोन्ही माद्या शेंदरीकडे. पहिली चौदा मिनिटं. दुसरी सोळा. दोनदा जागा बदलली तरी त्याच्यामागे.

वृंदाने संध्याकाळी वही बघितली. उभ्याउभ्या पुन्हा बघितली. रात्री पोळ्या चार खाल्ल्या.

रवि., १५

भरपाई म्हणून आज किडे दुप्पट घातले. कालचं मनातून गेलं.

मंगळ., १७

काल सोमवार आणि नागपंचमी एकदम. चिरायचं नाही, कापायचं नाही, सरपटणाऱ्याला दुखवायचं नाही. किडे घालण्याचा प्रश्नच नव्हता. भगर. आणि पुन्हा तेच, माद्या शेंदरीला सोडत नाहीत. आज किडे घातले, तर आज पुन्हा इकडे थोडं, तिकडे थोडं.

वृंदा म्हणाली, "एक दिवसाआड का होईना, दिसतंय गं काहीतरी."

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उपासाच्या दिवशीच दिसतं. मी व्रत धरलं वृंदासाठी, आणि त्याच दिवशी मासे बरोबर उत्तर देतात. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की फळ जातं. देवापाशी जाऊन पुन्हा एकदा हात जोडले.

शुक्र., २०

जिवतीचा शुक्रवार. जिवतीचा कागद भिंतीला लावला, पुरण केलं. लेकरांना सुखी ठेव म्हणून तिला विनवायचं आणि बाराला जाऊन जीव मारायचा, हे बसत नाही. शुक्रवारही धरला. भगर.

शेंदरी, शेंदरी. एका मादीने वीसपैकी अठरा मिनिटं.

वृंदाने येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. कितीतरी वर्षांनी.

हे: "काय, जमलं का लग्न?"

"जमतंय, बाबा."

ती ह्यांच्याशी सरळ बोलली. तुळशीला एक निरांजन जास्त लावलं.

सोम., २३

शुक्र., शनि., काल एकादशी, आज सोमवार. चार दिवस भगर. काल वृंदा दिवसभर मॅडमकडे होती, तिला कळलं नाही. मासे काचेशी येऊन तोंड उघडझाप करतात, मी गॅलरीत गेले की सगळे माझ्याकडे. वाईट वाटतं. मीही उपाशीच आहे, त्यांनाही पुण्य लागेल असं म्हणते, पण बघवत नाही.

आजची एक मादी काचेला तोंड आपटत होती. शेंदरी नराच्या ठिपक्यापाशी, नेमकी तिथेच. टोच, टोच. तो थरथरला तरी ती थरथरण्याकडे बघत नव्हती. ठिपक्याकडे बघत होती. वहीत लिहिलं: शें. १९ मि.

हे बघणं वेगळं होतं, असं मला वाटलं. पण मला काय कळतं.

शनि., २८

फेऱ्या संपल्या. वीस दिवस. काल आणि आज भगरच. दोन्ही दिवस शेंदरी.

मॅडमनी वृंदाला सांगितलं, इतका स्वच्छ निकाल पहिल्याच अभ्यासात सहसा येत नाही. ती रिक्षाने घरी आली. आमच्या घरात रिक्षा आजारपणातच करतात.

सोम., ३०

वृंदाने आलेख काढला. शेंदरीचा खांब उंच, करड्याचा ठेंगणा. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाइप करून आणलाय. हे चष्मा लावून बघत होते, "कॉम्प्युटर येतो की तुला," म्हणाले. हसले दोघं.

मी भाजी निवडत होते. वृंदा मॅडमनी दिलेल्या झेरॉक्स वाचत होती, मध्येच म्हणाली, "आई, हे ऐक. गप्पींना शेंदरी रंग का आवडतो, तर रानातल्या ओढ्यांत शेंदरी रंगाची फळं पडतात आणि ते त्यावर तुटून पडतात. म्हणजे मुळात ती खाण्याची ओढ असेल. म्हणून भुकेलेली मादी घेतली तर सगळंच चुकतं. ती नराकडे गेली की ठिपक्याकडे, हेच सांगता येत नाही."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? आपल्या माद्यांना रोज बाराला खाणं होतं. तुझ्या खुणा आहेत वहीत. तिथे कोणी विचारलंच तर वहीच समोर ठेवीन."

गवारीची शेंग हातात होती ती तशीच राहिली. वृंदा पुढचं वाचत होती.

सांगायला हवं होतं. तेव्हाच. तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा टाकू का."

मंगळ., ३१

वृंदा कॉलेजात गेल्यावर कॅलेंडर आणि वही शेजारी ठेवली. हिशेब जुळत नसला की करते तसं, पेन्सिलीने कागदावर दोन रकाने.

भगरीचे दिवस: १४, १६, २०, २१, २३, २७, २८. सात.

किड्यांचे: बाकीचे तेरा.

सातही दिवशी शेंदरी, पंधरा मिनिटांच्या आसपास आणि वर. तेरा दिवसांत शेंदरी कधी सात, कधी नऊ, करडा कधी आठ, कधी दहा. तेरा वेगळे धरले तर आलेखातले दोन्ही खांब एकाच उंचीचे होतात. दोनदा बेरीज केली. तिसऱ्यांदा केली.

माझे उपास फळले असं मी समजत होते. ते मासे उपाशी होते.

देवापुढे गेले. व्रत मोडलं असतं तर प्रायश्चित्त माहीत आहे. व्रत पाळल्याचं काय करतात?

गुरु., २ सप्टेंबर

गोकुळाष्टमी. वृंदा गेली.

तीनदा ठरवलं होतं. सकाळी, तर ती बॅग भरत होती आणि गुणगुणत होती. रिक्षात, तर हे मध्ये बसले. स्टेशनवर ह्यांना पाण्याची बाटली भरायला पाठवलं आणि म्हटलं, "वृंदा, माशांचं एक सांगायचं होतं."

"अगं घालत राहा बाराला, मी येईपर्यंत. आता फेऱ्या नाहीत, एवढं जपायला नको." आणि वाकून पाया पडली. तेवढ्यात हे आले.

गाडी हलली. मी शब्द तोंडात घेऊन परत आले.

शुक्र., ३

जिवतीचा चौथा शुक्रवार. मूल परगावी असलं की चारी दिशांना ओवाळायचं. दक्षिणेकडे जरा जास्त वेळ ओवाळलं. गाडी अजून वाटेत असेल.

बाराला किडे घातले. हात थांबला, पण घातले. जिवतीला सांगितलं, एका लेकराचं करायचं तर दुसऱ्यांची उपासमार करता येत नाही, एवढं मला उशिरा कळलं.

शनि., ४

आज उपास माझा, माशांचा नाही. बाराला किडे, पोटभर. अडीचला हातोडे थांबल्यावर पेट्या लावल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. २८ तारखेला ज्या दोघींनी शेंदरीला सोडलं नव्हतं त्याच घेतल्या.

पहिली: शें. आठ, क. नऊ, मध्ये तीन.

दुसरी करड्यापाशी गेली आणि थांबली. तो वाकला, थरथरला. ती पाठ न फिरवता बघत राहिली. बारा मिनिटं. हे बघणं ठिपक्याचं नव्हतं. आता मला फरक कळतो, तर आता कळून उपयोग काय.

मनात होतं की आजही शेंदरीकडेच जातील आणि मी सुटेन. नाही गेल्या.

रवि., ५

ह्यांना सांगितलं. सगळं, भगरीपासून. वाटलं होतं चिडतील, निदान टोमणा तरी मारतील. वर्तमानपत्राची घडी घातली.

"म्हणजे तिचा निकाल चुकीचा."

"मला तसं दिसतं."

"सांगितलंस तर पोरगी परत येईल."

"येईलही."

"आणि दसऱ्यापासून क्लास."

"तसंच ठरलंय."

ह्यांच्या मनासारखं होणार होतं. हे उठून गॅलरीत गेले, पेटीकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "नको सांगू."

"अहो, पण..."

"स्टेशनवर मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने. इतकी खूश मी तिला दहावीच्या निकालानंतर बघितली नाही. सात दिवसांची भगर. कोण विचारतंय?"

"मी."

"तुझ्या हिशेबात आठ आण्यांचा फरक आला की तू दिवसभर आम्हाला जेवायला घालत नाहीस, ते माहीत आहे मला. ह्या वेळी राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिची बाजू घेतली आणि मी दुसरीकडे उभी आहे.

मंगळ., ७

वृंदाचा फोन. बूथवरून, मागे रांग, भराभर बोलली. पहिलं भाषण झालं. बाकीच्या चौघांतल्या दोघांची तयारी खूप, तिच्यासारखा स्वच्छ निकाल मात्र कोणाचा नाही. तिथल्या मोठ्या सरांना मूळ वही बघायची आहे. "रोजच्या नोंदी कोणी केल्या विचारलं. मी सांगितलं, माझ्या आईने. ते म्हणाले, मग आईंची वही मागवा. आई, रजिस्टर करून पाठव, बावीस तारखेच्या आत पोचायला हवी. पंचवीसला नावं लावणार."

मी हो हो म्हणत होते. हे समोर बसून माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी नको म्हणत होते.

"तुझी तब्येत बरी आहे ना? आवाज असा का?"

"उपास आहे," म्हटलं. मंगळवारी माझा उपास नसतो. तिच्या लक्षात आलं नाही.

वही कपाटात आहे. खुणा सगळ्या माझ्या हाताच्या. आहे तशी बांधून पाठवली तर एकही अक्षर खोटं नाही. 'खाणं' दिलं होतं.

बुध., ८

पत्र लिहिलं. टाकायच्या आधी इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मी मलाच वेगळं सांगू नये.

चि. वृंदा, अ.उ.आ.

फोनवर बोलता आलं नाही. जे आहे ते सरळ लिहिते. १४, १६, २०, २१, २३, २७ आणि २८ ऑगस्ट ह्या सात दिवशी मी माशांना किडे घातले नाहीत. श्रावणात माझ्याच्याने होईना. त्याऐवजी भगर घातली, ती त्यांनी खाल्ली नाही म्हणायलाच हवं. रकान्यात मात्र खूण केली. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. पुढे निकाल चांगला दिसायला लागला तेव्हा मी तो उपासाचा गुण समजले आणि उपास वाढवले. ही चूक भोळेपणाची म्हणशील, पण ३० तारखेला तू ते झेरॉक्स वाचून दाखवलंस तेव्हा मला कळलं होतं. त्यानंतरचे दिवस गप्प राहिले ती भोळेपणाची नाही.

सात दिवस आणि तेरा दिवस वेगळे मांडून कागद सोबत ठेवला आहे. तीनदा तपासलाय. शनिवारी पोटभर खाऊ घालून मी पुन्हा दोघींची फेरी घेतली, तेही खाली लिहिलंय. भुकेली असते तेव्हा ती शेंदरी ठिपका बघते, पोट भरलेलं असलं की दोघांनाही सारखं बघते, एवढं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. ह्याला तुमच्या शास्त्रात काही किंमत आहे की सगळंच वाया गेलं, ते मला कळत नाही, तूच बघ. मला मॅट्रिकपुढचं येत नाही.

बाबांना सांगितलंय. ते म्हणतात, सांगू नकोस. त्यांच्यावर रागावू नकोस, क्लाससाठी म्हणत नाहीत, तुझ्यासाठी म्हणतात. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

वही अजून माझ्याकडे आहे. जमाखर्चात चुकलं तर मी खोडत नाही, पुढे तारीख घालून खरं लिहिते आणि सही करते. ह्या वहीत तसं करू का? ती तुझी आहे आणि तुझी पाच वर्षं तिच्यावर आहेत, म्हणून विचारल्याशिवाय हात लावणार नाही. एकदा न विचारता केलं तेवढं पुरे. तू लिही म्हणालीस तर त्याच दिवशी लिहून रजिस्टर करते. आहे तशी पाठव म्हणालीस तर पाठवीन की नाही, ते मला आज सांगता येत नाही. कालपासून विचार करतेय.

तिथे जेवणात खोबरेल असतं म्हणतात, पोटाला जप. बावीसला फार दिवस नाहीत. हे मिळताच, काय करायचं ते उलट टपाली कळव.

तुझी,
आई